तीन किलो शाळू आणि पाचशे मिलिमीटर

माझे विट्यात कृषी सेवा केंद्र आहे. हे आधी सांगतो, कारण माझा कॅमेरा आणि लेन्स शेवटी दुकानानेच ठरवली. ऑक्टोबरला द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या की दुकानात पाणी प्यायला फुरसत नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मायणी, येरळवाडीच्या तलावांवर उत्तरेकडची पाखरे उतरू लागतात. धुके पडले की डावणीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या, धास्तीने बागायतदारांचे फोन सकाळी सातलाच सुरू होतात, आणि फोटोला सगळ्यांत देखणी सकाळ असते तीही धुक्याचीच. त्यामुळे माझ्या वाट्याला येते ती पहाटे साडेपाच ते नऊ एवढी वेळ, आठवड्यातून फार तर दोनदा, आणि तीही दुचाकीवरून. विट्याहून मायणी अर्ध्या-पाऊण तासाची. जे काही घ्यायचे ते पाठीवर मावले पाहिजे, खड्ड्यांतून टिकले पाहिजे आणि पोहोचल्यावर दोन मिनिटांत हातात आले पाहिजे.

सुरुवात मावसभावाच्या कॅमेऱ्याने झाली. आमच्याकडे निम्म्या घरांतले कुणी ना कुणी सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात परमुलखात असते. हा भाऊ केरळात असतो. यात्रेला गावी आला तेव्हा निकॉनचा पी ९०० घेऊन आला आणि जाताना, "तुला पाखरांचं वेड आहे, तूच वापर," म्हणून ठेवून गेला. ८३ पट झूम, म्हणजे फुल फ्रेमच्या (मोठ्या, ३५ मिलिमीटर सेन्सरच्या) हिशेबात २४ ते २००० मिलिमीटर. पहिल्याच दिवशी विजेच्या तारेवर बसलेल्या नीलकंठाच्या छातीवरच्या फिकट रेघा मोजता आल्या. मी तोवर तो पक्षी शेकडो वेळा पाहिला होता, पण त्या रेघा कधी दिसल्या नव्हत्या. मी रस्त्याकडेला गाडी लावून बराच वेळ तसाच उभा होतो.

दोन वर्षे तो वापरला. बसलेल्या पाखराला तो कॅमेरा अजूनही झकास आहे, आणि ज्याला अजून चंडोल आणि धोबी या पाखरांतला फरक कळत नाही त्याने आधी असलाच काहीतरी घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षा लहान. उजाडायच्या आत, जेव्हा तलाव सगळ्यांत जिवंत असतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ८०० च्या पुढे गेला की पिसांचा लगदा व्हायचा. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, मिळत नाही, फक्त जेपेग. आणि उडत्या पाखरासमोर तो अगदीच हतबल. डोळ्याला लावलेल्या छोट्या पडद्यावर चित्र जरा उशिरा येते. चक्रवाकांची जोडी पाण्यावरून उठली की पडद्यावर ती असायची, आणि फोटोत नुसते पाणी.

मोठा कॅमेरा घ्यायचा ठरले तेव्हा मी एक काम केले, त्याचा मला फार उपयोग झाला. दोन वर्षांचे सगळे फोटो संगणकावर उघडले आणि जे खरोखर आवडले तेवढे दीडशेएक निवडून त्यांची माहिती पाहिली: किती मिलिमीटरला काढले, किती वाजता काढले. मला वाटत होते की आपण कायम दोन हजारालाच असतो. निघाले भलतेच. दोन हजाराचे बहुतेक फोटो टाकाऊ होते. आवडलेले फोटो सातशे ते हजाराच्या आतले, आणि जवळजवळ सगळे साडेआठच्या आधीचे. म्हणजे मला लांब पोहोचणारी लेन्स नको होती. कमी उजेडात काम करणारी लेन्स हवी होती, आणि पाखराजवळ बसता यायला हवे होते. पहिली गोष्ट विकत मिळते.

तेव्हा २०१८ चालू होते. माझ्या आवाक्यातले पर्याय चार. सिग्माची आणि टॅमरॉनची १५०–६००, निकॉनची २००–५०० आणि कॅननची जुनी ४०० मिलिमीटर एफ ५.६. कॅननची ती लेन्स वजनाला सव्वा किलो, दुचाकीवाल्याच्या स्वप्नात यावी अशी. पण तिला हात स्थिर करणारी यंत्रणाच नाही, आणि माझे सगळे काम झुंजूमुंजूच्या उजेडात. मन घट्ट करून ती सोडली. सिग्मा आणि निकॉन पुण्यातून भाड्याने आणल्या, दोन वेगवेगळ्या शनिवार-रविवारी. एसटीचे भाडे, अनामत आणि एक दिवस दुकान पुतण्यावर सोडण्याची काळजी, एवढे सोसूनही सांगतो की ज्याला शक्य आहे त्याने भाड्याने आणून पाहिल्याशिवाय लाखाच्या घरातली वस्तू घेऊ नये. कागदावर सिग्मा १९३० ग्रॅम, निकॉन २३०० ग्रॅम. फरक पावणेचारशे ग्रॅमचा, म्हणजे एका कीटकनाशकाच्या बाटलीएवढा. सकाळच्या तिसऱ्या तासाला तो फरक मनगटात उतरतो. तरी मी निकॉन घेतली. ६०० ला सिग्माचे छिद्र एफ ६.३ होते, निकॉन ५०० पर्यंत एफ ५.६ राहते, आणि हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. उजेडाचा हा फरक साधारण पाव हिश्श्याचा, पण पहाटे सहा-वीसला तोही हवा असतो. शिवाय ती सव्वादोन मीटरपर्यंत जवळचे टिपते. समोरच्या काडीवर वेडा राघू येऊन बसला तर मागे सरकावे लागत नाही.

बॉडी डी ७२०० घेतली. डी ५०० चा मोह झाला होता. सेकंदाला दहा फोटो, फोकसचे १५३ बिंदू. पण वापरलेलासुद्धा माझ्या हिशेबाबाहेर होता. डी ७२०० सेकंदाला सहा काढतो, ५१ बिंदू आहेत आणि रॉमध्ये सलग अठरा-वीस फोटोंनंतर त्याला दम लागतो. त्या दमाची सवय होते. पाखरू उठताच बटण दाबून धरायचे नाही, पंख वर जातील तेव्हा दोन-तीन फोटो एवढेच. बॉडी आणि लेन्स दोन्ही जुन्या घेतल्या, एक लाख पाच हजार झाले. क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरमुळे ५०० ची दीडपट होते, ७५०. थोडे जवळ बसले की माझ्या यादीतले बहुतेक फोटो त्यात बसत होते.

आणि मग पहिले तीन आठवडे सगळे फोटो भुरकट.

येरळवाडीच्या काठावर दर्विमुखांचा थवा होता, पांढरेशुभ्र, चमच्यासारख्या चोची पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत. सुट्टीचा दिवस म्हणून मी अकरापर्यंत थांबलो होतो. घरी येऊन बघतो तर एकाही पक्ष्याचा डोळा धारदार नाही. पुढच्या रविवारी तेच. विकणाऱ्याने फसवले, हा विचार आला. झोप उडाली. एक लाख रुपये आमच्या धंद्यात उधारीत अडकतात तेव्हा निदान वहीत नाव असते.

शेवटी दुकानातच परीक्षा घेतली. कीटकनाशकाच्या डब्यावर तांबडा त्रिकोण असतो आणि शेजारी मुंगीच्या अक्षरांत सूचना. तो डबा गोदामाच्या दारात खताच्या पोत्यांवर ठेवला, दहा पावले मागे तिपाई लावली आणि उजेड चांगला असताना फोटो काढत गेलो. आधी जसे होते तसे. मग लेन्सच्या तोंडावरचा यूव्ही फिल्टर काढून. ९५ मिलिमीटरचा फिल्टर महाग मिळतो म्हणून मी एक स्वस्तातला बसवला होता, धुळीपासून काच वाचावी म्हणून. तो काढताच डब्यावरची अक्षरे अशी उठून आली की त्रिकोणाखालची ओळ मला पडद्यावर वाचता आली. तोच डबा, तोच उजेड. लांब लेन्सपुढे हलकी काच धरली की असे होते, हे मला कुणी आधी सांगितले असते तर तीन आठवड्यांची झोप वाचली असती, म्हणून इथे सांगतो. त्या दिवसापासून लेन्सच्या तोंडावर फक्त हूड, म्हणजे पोकळ नळी.

दुसरी चूकही त्याच परीक्षेत सापडली. कॅमेरा डोळ्याला लावून फोकस केलेला फोटो आणि मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूने फोकस केलेला फोटो शेजारी ठेवले, तर पडद्यावरचा किंचित सरस. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग वेगळा आणि फोटो घेणारा सेन्सर वेगळा. दोघांत केसभर फरक असू शकतो. मेनूत एएफ फाइन ट्यून असते, त्यात उणे पाचवर आकडा नेल्यावर दोन्ही सारखे झाले. हे काम ५०० ला केले, कारण मी कायम ५०० लाच असतो.

तरी येरळवाडीचे ते अकरा वाजताचे फोटो या दोन्हींनी सुधारले नसते. त्यांचा दोष हवेचा. ऊन तापले की जमिनीवरून आणि पाण्यावरून हवा थरथरत वर जाते. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी दिसते ना, तीच ही हवा. दीडशे मीटरवरचा पक्षी त्या थरथरीतून बघायचा म्हणजे वाहत्या ओढ्याच्या तळाचा दगड बघण्यासारखे. जगातली कुठलीही लेन्स तिथे हात टेकते. थंडीत कधी कधी पहाटेही असे होते, पाणी उबदार आणि हवा गार असली की. उपाय एकच, अंतर कमी करणे.

आणि इथे मला एक धनगर भेटला. त्याचे नाव मी लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. मायणीच्या तलावाच्या मागच्या अंगाला, जिथे पाणी ओसरून गाळाची पट्टी उघडी पडते, तिथे मी तिपाई लावून उभा होतो आणि शेकाट्यांचा थवा माझ्यापासून पुढे पुढे सरकत होता. मी चार पावले टाकली की ते आठ टाकत. हा माणूस मेंढरे घेऊन आला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पाव्हणं, उभं नगा राहू. उभ्या मानसाला पाखरू भितंय. खाली बसा, आन् मेंढरं आली की त्यांच्या अंगानं सरका."

मी बसलो. मेंढरे माझ्या दोन्ही बाजूंनी पाण्याकडे गेली आणि तोच थवा हलला नाही. मेंढरांच्या पायांत पिवळे धोबी धावत होते. खूर पडला की चिखलातून किडे उठतात, ते टिपायला. गायबगळेही होते. एक धोबी माझ्यापासून पाच-सहा मीटरवर आला, मेंढीच्या पुढच्या पायाशी. मी पालथा पडलो, लेन्स मातीला टेकवली आणि फोटो घेतला. पिसांवर दव होते. तो फोटो मी आजवर काढलेल्या फोटोंत सर्वांत चांगला आहे, आणि त्यात माझ्या लेन्सचा वाटा किती आणि त्या मेंढरांचा किती, हे मला नीट माहीत आहे.

त्या दिवसापासून तिपाई घरी राहते. आईने माझ्या जुन्या जीनचा एक पाय कापून पिशवी शिवून दिली, तोंडाला चेन लावली. तीत तीन किलो शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, भरला. खताचे रिकामे पोते जमिनीवर अंथरायचे, वर आपण पालथे, पुढे पिशवी आणि तिच्यावर लेन्स. शाळू लेन्सच्या आकाराप्रमाणे दबतो, ती डावी-उजवीकडे फिरवता येते आणि डगमगत नाही. १/२५० सेकंदालाही बसलेल्या पाखराचा फोटो धारदार येतो, म्हणजे आयएसओ खाली ठेवता येतो. शिवाय कॅमेरा पाखराच्या डोळ्याच्या उंचीला येतो. उभ्याने काढलेल्या फोटोत पाखराच्या पाठीमागे चिखल असतो. पालथ्याने काढलेल्या फोटोत लांबचे पाणी, धूसर, सोनेरी. पहिल्या पावसाळ्यात मात्र शाळूला पोरकिडे झाले. आता जूनमध्ये पिशवी रिकामी करून धुऊन ठेवतो आणि दसऱ्यानंतर उन्हात वाळवलेला शाळू पुन्हा भरतो.

कॅमेऱ्यातल्या आकड्यांवर फार बोलत नाही, पण जे स्थिर झाले ते असे. मोड मॅन्युअल, आयएसओ ऑटो. छिद्र एफ ५.६ किंवा ६.३. बसलेल्याला १/५०० आणि खाली, चालणाऱ्याला १/१०००, उडणाऱ्याला १/२००० किंवा जास्त. फोकस सतत चालू राहणारा, एएफ-सी, आणि तो शटरवरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर दिलेला. डी ७२०० ला त्यासाठी वेगळे बटण नाही, एई-एल एएफ-एल लिहिलेले आहे तेच नेमून द्यावे लागते. त्यामुळे काडीवर बसलेल्या राघूवर फोकस धरून अंगठा उचलता येतो, आणि तो उडाला की पुन्हा दाबता येतो. झुडपात एकच बिंदू, आभाळात नऊ बिंदूंचा गट.

पांढऱ्या पाखरांनी मला सर्वांत जास्त शिकवले. दर्विमुख गडद पाण्यात उभा असला की कॅमेरा पाण्याकडे बघून फोटो उजळ करतो आणि पिसे जळून नुसता चुना उरतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे एकपर्यंत न्यावा लागतो. उलट आभाळासमोरच्या पाणकावळ्याला अधिक एक. पहिल्या फोटोनंतर कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाकडे बघायचे आणि मग पुन्हा बघायचे नाही. पडद्यात मान घातलेली असताना काय काय होऊन जाते हे एकदा कापशी घारीने समोरून उंदीर उचलला तेव्हा कळले.

आमच्या भागात पावसापेक्षा धूळ वैरी. ही लेन्स झूम करताना लांबते आणि आखडताना हवा, म्हणजे धूळ, आत ओढते. म्हणून गाडीवर निघण्याआधी ती २०० वर आणून कुलूप लावतो, बॅगेत फोमचे दोन थर, आणि बॅग पाठीवरच, कॅरिअरला कधी बांधायची नाही. तलावावर लेन्स बदलायची नाही. पावसाळ्यात सगळे हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. ते गुलाबी झाले की तव्यावर गरम करून पुन्हा निळे करायचे.

गेल्या हिवाळ्यात एका तरुण मित्राने कॅननचा आर ७ आणि १००–४०० ही नवी लेन्स आणली. दोन्ही मिळून सव्वा किलो. माझे सगळे मिळून तीन किलो. मी ते अर्धा तास हातात धरले आणि मनापासून सांगतो, आज घेत असतो तर हेच घेतले असते. कॅमेरा स्वतःच पाखराचा डोळा शोधतो आणि डोळ्यावरच चिकटून राहतो. वेड्या राघूच्या मागे मी सात वर्षे जे अंगठ्याने करत आलो ते तो आपोआप करतो. एकच उणेपण, ती लेन्स ४०० ला एफ ८ आहे, म्हणजे माझ्या एफ ५.६ च्या निम्माच उजेड आत येतो. सव्वासहाला मी फोटो काढत होतो तेव्हा मित्र थांबून होता. पावणेसातनंतर तो माझ्या पुढे गेला. ज्याला सातनंतर जाता येते त्याला तीच योग्य. ज्याचे गुडघे आणि मनगट दुखते त्यालाही तीच.

एक गोष्ट मात्र मला सहन होत नाही आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. येरळवाडीला रोहित (फ्लेमिंगो) उतरले होते तेव्हा चारचाकीतून काही जण आले, हातात माझ्या चौपट किमतीच्या लेन्सा. पंख उघडल्यावरचा गुलाबी-काळा रंग हवा म्हणून त्यांनी टाळ्या पिटल्या, मग दगड मारले. सबंध थवा उठला, दोन चकरा मारून निघून गेला आणि त्या आठवड्यात परत आला नाही. किती लांबून ही पाखरे येतात! गाळातून कण कण गाळून खातात आणि ती ताकद आपण एका फोटोसाठी उधळायची? मायणी परिसराला २०२१ साली पक्षी संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला, पण दगड उचलणाऱ्या हाताला शेजारच्याने अडवले तरच त्याचा उपयोग. मी त्या दिवशी लांब होतो, धावत पोहोचेपर्यंत उशीर झाला. रोहित आपण होऊन उडतात, वारा फिरला की, ऊन चढले की. तोवर पालथे पडून राहावे. घरट्याच्या जवळ मी लेन्स नेत नाही, आणि कुणाला जागा सांगत नाही.

त्या पिवळ्या धोब्याचा फोटो मी सांगलीतून मोठा छापून आणला आणि धनगराला नेऊन दिला. त्याने तो उन्हात धरला, लांब केला, जवळ घेतला. मी पाखराबद्दल काही बोलणार तेवढ्यात तो हसला. फोटोत मेंढीचा फक्त पुढचा पाय आणि थोडी लोकर आहे.

"ही आपली भुंडी," तो म्हणाला. "औंदा दोन कोकरं दिली हिनं."

फोटो त्याने घोंगडीच्या घडीत ठेवला आणि माझा नंबर बायकोकडून मोबाइलमध्ये घालून घेतला. यंदा पाऊस बरा झाला, तलाव काठोकाठ आहे, पाखरे मधोमध पाण्यावर, चारशे-पाचशे मीटरवर. मी दोनदा जाऊन आलो, पिशवी उघडलीच नाही. नुसती दुर्बीण लावून वारकरी (काळी पाणपाखरे) आणि चक्रवाक मोजले. काल रात्री दुकान बंद करताना त्याचा फोन आला.

"पानी हाटाय लागलंय मागल्या अंगानं. बुधवारी मेंढरं तिकडंच न्हेतो. या."